पहिली कोण, आणि कशातली?

भारतातल्या पहिल्या महिला डॉक्टर कोण?

महाराष्ट्रात शाळा झालेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, उत्तर येईल : आनंदीबाई जोशी. कोलकात्यात विचारलंत तर बहुधा कादंबिनी गांगुली हे नाव ऐकायला मिळेल. आणि एखादा जरा जास्त वाचणारा भेटला, तर तो बोट वर करून म्हणेल, ‘थांबा, रखमाबाईंना विसरू नका.’ गंमत म्हणजे गूगलने तिघींचंही डूडल केलंय. रखमाबाईंचं २२ नोव्हेंबर २०१७ ला, आनंदीबाईंचं ३१ मार्च २०१८ ला आणि कादंबिनींचं १८ जुलै २०२१ ला.

यातलं कुठलंच उत्तर उगाच आलेलं नाही. आनंदीबाईंनी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून एमडी पदवी घेतली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांचा विभाग त्यांची वाट बघत होता. पण क्षयाने गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. तेव्हा त्यांना बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. दवाखान्यात बसून पेशंट तपासायची वेळच आली नाही. कादंबिनींना त्याच १८८६ साली कलकत्ता मेडिकल कॉलेजची पदवी मिळाली. त्या इथेच शिकल्या, इथेच प्रॅक्टिस करू लागल्या, १८९३ मध्ये ब्रिटनमधून आणखी अर्हता घेऊन आल्या आणि पुढे अनेक वर्षं रुग्ण तपासत राहिल्या. रखमाबाई म्हणजे बालपणी लावून दिलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला ठाम नकार देणाऱ्या, आणि कोर्टाने ‘नांदा, नाहीतर तुरुंगात जा’ म्हटल्यावर तुरुंग चालेल असं सांगणाऱ्या. त्यांनी पुढे लंडनला वैद्यकीय शिक्षण घेतलं आणि परत येऊन सुरत, राजकोटला आयुष्यभर डॉक्टरकी केली.

म्हणजे पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणारी, भारतात शिकून भारतात प्रॅक्टिस करणारी, आणि आपल्या मुंबई इलाख्यातून जाऊन, शिकून, परत येऊन प्रत्यक्ष काम करणारी. प्रत्येकीच्या ‘पहिली’मागे एक अट आहे. क्विझमध्ये मात्र अट गळून पडते आणि नाव तेवढं उरतं.

मला तिघींपैकी एकीच्या गळ्यात पदक घालायचं नाहीये. माझा प्रश्न असा आहे : एखाद्याला ‘पहिला’ किंवा ‘पहिली’ म्हणताना ती अट सांगणं ही आपली नैतिक जबाबदारी आहे का? की हा उगाच किस पाडणं झालं?

*

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. डेटाबेसमधून ‘पहिलं काहीतरी’ काढणं हे आमच्याकडे अगदी नवख्या पोराला देतात असं काम. सगळ्या नोंदी तारखेनुसार लावायच्या आणि वरची एक ओळ उचलायची. ‘ऑर्डर बाय’ आणि ‘लिमिट १’. पण क्वेरीत या दोन्हींच्या आधी आणखी एक ओळ येते, ‘व्हेअर’. कुठल्या नोंदी मोजायच्या आणि कुठल्या नाहीत, ते तिथे ठरतं. तारखा लावायचं काम मशीन करतं. ‘व्हेअर’ मात्र माणूस लिहितो. आणि ती ओळ बदलली की पहिला बदलतो.

रेल्वेचं घ्या. भारतातली पहिली रेल्वे? १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, ४०० निमंत्रित पाहुणे. पण मद्रासजवळच्या रेड हिल्सला १८३७ मध्येच रूळ टाकले गेले होते, रस्त्यांसाठी दगड वाहायला. आणि रुडकीला डिसेंबर १८५१ मध्ये गंगा कालव्याच्या सोलानी पुलाच्या कामावर वाफेचं इंजिन माती ओढत होतं. ठाण्याची गाडी पहिली आहे, पण ‘प्रवासी’ गाड्यांमध्ये. तो एक शब्द काढला की दगड आणि माती वाहणाऱ्या गाड्या, आणि त्या भरणारी-उपसणारी माणसं, इतिहासातून गुपचूप उतरतात. कामाच्या गाड्या आधी धावल्या, आणि पहिली ठरली ती पाहुण्यांची.

सिनेमाचंही तेच. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. त्याच थिएटरात जवळपास वर्षभर आधी, १८ मे १९१२ ला, दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ लागून गेला होता. तो पहिला का नाही? तर म्हणे ते कॅमेरा लावून चित्रित केलेलं नाटक होतं, कॅमेरामन इंग्रज होता, फिल्मवरची प्रक्रिया लंडनला झाली. या कारणांत तथ्य आहे. ‘पूर्ण लांबीचा, कथा रचून केलेला भारतीय चित्रपट’ ही अट लावली की फाळके निर्विवाद पहिले. पण अट आहे, आणि ती कुणीतरी विचार करून लावलीय, एवढं तरी कळायला हवं की नको?

*

यावर एक सरळ आक्षेप येतो. माणसांच्या बाबतीत असे वाद होणारच, पण सामान्य ज्ञानात काही गोष्टी तरी पक्क्या असतील ना? इंद्रधनुष्यात रंग किती? सात. तानापिहिनिपाजा. संपला विषय.

मलाही तसंच वाटायचं, ‘पा’पाशी पोहोचेपर्यंत. ‘पा’ म्हणजे पारवा. निळा आणि जांभळा यांच्या मधला तो रंग तुम्ही आयुष्यात कधी कुणाला ‘मला पारव्या रंगाचा शर्ट दाखवा’ असं म्हणताना ऐकलाय? तो तिथे आहे, कारण न्यूटनला सात हवे होते. सुरुवातीला त्याने पाचच मुख्य रंग मानले होते : तांबडा, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. नंतर संगीतातल्या सात स्वरांशी मेळ बसावा म्हणून नारिंगी आणि पारवा आत आले. इंद्रधनुष्यात रंग एकातून दुसऱ्यात विरघळत जातात, तिथे कुंपणं नाहीत. कुंपणं आपण घातली आणि मग किती वाफे झाले ते मोजून पाठ केलं.

भाषेच्या बाबतीत तर याहून अवघड परिस्थिती आहे. मराठीतला पहिला शिलालेख कुठला, याचं उत्तर पुस्तकागणिक बदलतं. कुणी कर्नाटकातलं श्रवणबेळगोळ सांगतं, तर कुणी अलिबागजवळचं आक्षी. हा वाद निदान पुराव्यांनी लढवता येतो. पण ‘मराठी बोलणारा पहिला माणूस कोण?’ असं विचारून बघा. उत्तर सापडत नाही, कारण तसा माणूस झालाच नाही. कुठल्याही घरात आई महाराष्ट्री प्राकृत बोलत होती आणि तिची मुलगी एका सकाळी मराठी बोलू लागली, असं घडलेलं नाही. प्रत्येक आईला आपल्या लेकीचं बोलणं कळत होतं. शेकडो वर्षांनी मागे वळून बघणाऱ्यांना दिसलं, की अरे, ही तर वेगळीच भाषा झाली. मराठीला जन्म आहे, पण पहिला बोलणारा नाही.

म्हणून मला वाटतं, ‘पहिला’ हा शब्द डोंगरासारखा जगात उभा नसतो. आपण एक यादी करतो, तिला अट लावतो आणि मग वरचं नाव वाचतो. यात गैर काहीच नाही. यादी केल्याशिवाय माणसाला विचार करता येत नाही. नैतिक प्रश्न सुरू होतो तो अट लपवली जाते तिथे.

*

अट लपवल्याने काय बिघडतं?

पहिलं म्हणजे दोरी दिसेनाशी होते. २९ मे १९५३ ला तेनझिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. खाली आल्यावर सगळ्यांचा एकच प्रश्न : आधी पाय कुणाचा पडला? काठमांडूत जमलेल्या गर्दीला तेनझिंगचा हवा होता, इतर अनेकांना हिलरीचा. दोघांनी मिळून निवेदन दिलं, की आम्ही जवळजवळ एकाच वेळी पोहोचलो. दोन वर्षांनी तेनझिंगने आत्मकथनात सांगून टाकलं की हिलरी एक पाऊल पुढे होता, आणि त्यात आपल्याला काही कमीपणा वाटत नाही. मला हा प्रसंग फार आवडतो. दोघं एका दोरीला बांधलेले होते. त्या दोरीचा अर्थच असा, की एकाचा पाय घसरला तर दुसऱ्याने धरायचं. अशा दोन माणसांना ‘आधी कोण’ विचारणं म्हणजे टाळी आधी कुठल्या हाताने वाजवली असं विचारणं. आणि माथ्यावरचा तो जगप्रसिद्ध फोटो तेनझिंगचा आहे, हिलरीने काढलेला. हिलरीचा शिखरावरचा फोटोच नाही.

दुसरं, दार दिसेनासं होतं. कलकत्ता मेडिकल कॉलेज १८३५ मध्ये सुरू झालं. कादंबिनींची पदवी १८८६ ची. मधल्या एकावन्न वर्षांत बंगालात हुशार मुली जन्मल्याच नव्हत्या का? ‘पहिली महिला डॉक्टर’ हे वाक्य आपण त्या बाईच्या कौतुकाचं म्हणून वाचतो, आणि ते आहेच. पण त्यात लिहिलेली तारीख त्या संस्थेचा लेट मार्कही आहे. आणि दार उघडून कादंबिनी आत गेल्या तरी गोष्ट संपली नाही. प्रॅक्टिस करणाऱ्या या बाईच्या चारित्र्यावर एका बंगाली पत्राने शिंतोडे उडवले, तेव्हा कोर्टात जाऊन त्यांनी संपादकाला शिक्षा घडवली. क्विझच्या चार पर्यायांत यातलं काही मावत नाही. ‘पहिली’ म्हटलं की जणू एखादी शर्यत होती, सगळ्या धावल्या, ही जिंकली, असं चित्र उभं राहतं. इतर जणींना मैदानात येऊच दिलं नव्हतं, हे राहून जातं.

आणि तिसरं, ‘पहिली’चा उपयोग सबब म्हणून होतो. एक झाली ना, मग आता तक्रार कसली? मी एका कंपनीत, एका टीममधली पहिली मुलगी म्हणून रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात माझा फोटो काढून करिअरच्या पानावर टाकला गेला. दोन वर्षांनी मी तिथून निघाले तेव्हाही मी पहिलीच होते, म्हणजे एकटीच. ‘पहिली’ हा आकडा ‘दुसरी’ येईपर्यंत फारसं काही सांगत नाही, हे मला तिथे कळलं.

*

आमच्या घरातही मी ‘पहिली इंजिनिअर’ आहे. डिग्रीचा निकाल लागला तेव्हा गावात चौकात फ्लेक्स लागला होता. ‘घराण्यातील पहिल्या इंजिनिअर’ अशी ओळ, खाली माझा पासपोर्ट साइजचा फोटो इतका ताणलेला की कपाळ विटेसारखं दिसत होतं. शाल-श्रीफळ झालं. काकांचं भाषण झालं.

माझी आत्या १९९४ मध्ये तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला होती. दुसऱ्या वर्षाला असताना स्थळ आलं, चांगलं होतं, हातचं जाऊ द्यायचं नाही असं ठरलं. सासरी गेल्यावर वर्ष पूर्ण करू देतो म्हणाले होते, ते राहिलं. आज तिच्या गल्लीतले मिक्सर, इस्त्र्या, टेबलफॅन तिच्याकडे येतात. पैसे ती घेत नाही, घेतले तर ‘धंदा’ होईल म्हणून. पाचवीच्या सुट्टीत मला सोल्डरिंग तिने शिकवलं. धूर नाकात जाऊ नये म्हणून तोंड कुठल्या बाजूला वळवायचं, हेसुद्धा.

फ्लेक्सच्या दिवशी मी तिला म्हटलं, “आत्या, ते ‘पहिली’ वगैरे काही खरं नाही गं.”

ती म्हणाली, “खरंच आहे की. मी कुठे इंजिनिअर झाले? पण ओहमचा नियम मला तुझ्या आधी येत होता, एवढं लक्षात ठेव.” आणि हसून पुऱ्या तळायला गेली.

डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर आत्याची नोंद त्या क्वेरीत येत नाही, कारण अट ‘पदवी पूर्ण’ अशी आहे. अट वाजवी आहे. उद्या पूल बांधायचा असेल तर मीही पदवी झालेलाच माणूस बघेन. पण त्या अटीने फ्लेक्सवर माझं नाव आलं, तेव्हा घरात १९९४ साली काय ठरलं होतं ते बोलायची गरज कुणालाच उरली नाही. ज्या घराने आत्याचा डिप्लोमा थांबवला, त्याच घराने माझ्या डिग्रीचं श्रेय घेतलं, आणि मधे ‘पहिली’ हा शब्द उभा होता, दोन्हीकडून छान दिसणारा.

*

आता दुसरी बाजू, कारण तीही खरी आहे.

माझा मामेभाऊ स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो. त्याला मी हे सगळं ऐकवलं तेव्हा तो म्हणाला, “ताई, ‘ते अटीवर अवलंबून आहे’ असा पर्याय उत्तरपत्रिकेत नसतो. मला एका गोळ्यात शाई भरायची असते.” त्याचं बरोबर आहे. एका मार्काने वर्ष जातं. त्याच्यासाठी हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा नाही, उत्तरतालिकेचा आहे. आणि हेही त्यालाच ठाऊक आहे, की आयोगाच्या उत्तरतालिकेवर हरकती येतात, कधी उत्तर बदलतं, कधी प्रश्नच रद्द होतो. म्हणजे अट नीट लिहिली नाही तर काय होतं, याचा सगळ्यात जास्त अनुभव त्याच्याकडेच आहे.

त्याहून मोठा मुद्दा वेगळा आहे. सातवीतल्या मुलीला आनंदीबाईंचं नाव कळतं ते ‘पहिल्या’ म्हणून. त्या नावाशेजारी तीन अटी आणि दोन प्रतिस्पर्धी लिहिले, तर ते नाव तिच्या डोक्यात राहील का? ‘कल्याणच्या एका मुलीने १८८६ मध्ये हे केलं’ या वाक्यात ताकद आहे, ती त्याच्या लहानपणातून येते. स्मरणशक्तीला छोटी वाक्यं लागतात. सगळं बारकाईने सांगायच्या नादात काहीच लक्षात राहिलं नाही, तर तोही अन्यायच, आणि तो तिघींवर सारखा होईल.

मी आणि दोन मित्र मिळून शनिवार-रविवारचा उद्योग म्हणून एक मराठी क्विझ ॲप करतोय, तिथे हाच वाद रंगला. एक मित्र म्हणाला, “लोकांना दहा सेकंदांत उत्तर हवंय, प्रबंध नको.” मी म्हटलं, प्रबंध नाही, दोन शब्द वाढवू. शेवटी प्रत्येक ‘पहिला’ प्रश्नाच्या नोंदीत आम्ही ‘अट’ नावाचा एक रकाना सक्तीचा केला. तो रिकामा असेल तर प्रश्न सेव्हच होत नाही. त्यामुळे आता प्रश्न असा दिसतो : ‘पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी परदेशात घेणारी पहिली भारतीय स्त्री कोण?’ आणि त्याच्या पुढचा : ‘भारतात शिकून भारतात प्रॅक्टिस करणारी पहिली भारतीय डॉक्टर कोण?’ उत्तर अजूनही एकच, गोळाही एकच. दहा सेकंदांत होतं. फक्त दोन बायका एकमेकींना खोडत नाहीत.

मला वाटतं आपलं देणं तेवढंच आहे. कुणाचंही पहिलेपण काढून घ्यायचं नाही. ते कशातलं आहे तेवढं सोबत ठेवायचं, आणि जमलं तर एक प्रश्न आणखी विचारायचा : मग आधीचे कुठे अडले? हा प्रश्न विचारायला इतिहासकार असावं लागत नाही. घरातल्या फ्लेक्ससमोर उभं राहूनही विचारता येतो.

*

जाता जाता एक फोटो सांगते. इंटरनेटवर सहज सापडेल. १० ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फिया. कॉलेजच्या एका समारंभात तीन विद्यार्थिनी. एका बाजूला साडीतल्या आनंदीबाई, मधे किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी, आणि त्यांच्या पलीकडे सीरियाच्या सबात इस्लामबूली, त्यांच्या देशाच्या पोशाखात. तिघींचीही ओळख आज ‘आपल्या देशातली पहिली’ अशीच करून दिली जाते. आणि आपल्याकडचा वाद तिकडेही आहे. ओकामींची पदवी १८८९ ची, पण जपानमध्येच परीक्षा देऊन ओगिनो गिन्को यांनी १८८५ मध्ये डॉक्टरकीचा परवाना मिळवला होता. म्हणजे तिकडच्या क्विझमध्येही कुणीतरी बोट वर करून ‘थांबा’ म्हणत असणार.

फोटोतल्या तिघींना यातलं काही माहीत नव्हतं. त्या एकाच कॉलेजात शिकत होत्या, आणि १८५० पासून मुलींना डॉक्टर करणाऱ्या त्या कॉलेजात तिघींपैकी एकीचाही नंबर पहिला नव्हता.